काटा आधी, कागद मग

सोलापूरकरांनी विमानावर जेवढी चर्चा केली तेवढी विमानं इथे उतरली असती तर होटगी रोडला दुसरी धावपट्टी करावी लागली असती! २०२३ च्या जूनमध्ये सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पाडली, २०२५ च्या जूनमध्ये गोव्याचं विमान सुरू झालं, आणि चहाच्या टपरीवरचा एक हुकमी विषय संपला. असो. मला आज ज्या विमानाबद्दल लिहायचं आहे त्याला ना धावपट्टी लागते, ना चिमणीचा अडथळा होतो. त्याचं वजन चार ग्रॅमच्या आसपास असतं. पीळ दिलेल्या रबरावर त्याचा पंखा फिरतो आणि ते बंद हॉलमध्ये, आपण जेवणानंतर रमतगमत चालतो त्या वेगाने गोल गोल फिरत राहतं. इनडोअर मॉडेल म्हणतात त्याला. आपल्या टेक्निकल इव्हेंटमध्ये गेली काही वर्षं त्याची स्पर्धा होते, हे मेसच्या नोटीस बोर्डाकडे लक्ष असणाऱ्यांना माहीत असेलच.

या स्पर्धेच्या साहित्याच्या यादीत एक ओळ असते: कव्हरिंगसाठी हीट श्रिंक फिल्म, एक रोल. ही फिल्म सोलापुरात सहजासहजी मिळत नाही, बाहेरून मागवावी लागते, आणि तिच्या किमतीत हॉस्टेलच्या मुलाचा आठवड्याचा नाश्ता निघतो. पहिल्या वर्षाची मुलं उत्साहाने नावं देतात, यादी बघतात, आणि हळूच मागच्या बाकावर जाऊन बसतात. कोणी तक्रार करत नाही. ‘सबमिशन आहे रे’ एवढंच सांगतात. माझं म्हणणं असं की ती ओळ यादीतून काढून टाकावी. मुलं गळतात हे एक कारण झालं. पण दुसरं कारण त्याहून मोठं आहे. इनडोअर मॉडेलसाठी ती फिल्म इंजिनिअरिंगच्या हिशोबानेच चुकीची आहे. हे मी नुसतं मत म्हणून सांगत नाही, खाली आकडे देतो. पटले तर घ्या, नाहीतर कँटीनमध्ये भांडू.

आधी एक सोलापुरी गोष्ट. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एखाद्या टॉवेलवाल्याकडे जा आणि भाव विचारा. तो उलट विचारेल, ‘किती जीएसएमचा पाहिजे?’ जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. हॉटेलचा जाडजूड टॉवेल पाचशेच्या घरात जातो, साधा त्याहून कमी. रंग, किनार, बोर्डर हे सगळं नंतर, आधी जीएसएम. ज्या गावाने चादर आणि टॉवेल यांवर नाव कमावलं त्या गावाची ही बोली आहे, आणि विमानाचं कव्हरिंग निवडायला नेमकी हीच बोली लागते. फिल्म आहे का कागद, देशी का परदेशी, चकचकीत का मळकट, हे प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न एकच, किती जीएसएम?

आता हे मोजायचं कसं? सोपं आहे. ए-फोर कागद म्हणजे एक चौरस मीटरचा सोळावा भाग. जो काही माल हाताला लागेल त्याचा ए-फोर आकाराचा तुकडा कापा, वजन करा, सोळाने गुणा. झाला जीएसएम. केमिस्ट्री लॅबमधला डिजिटल काटा यासाठी उत्तम. तो मिळत नसेल तर ओळखीच्या सराफाकडे जा, सोनं तोलणारा काटा कागदही तोलतो, फक्त मालकाचं गिऱ्हाईक नसताना जा. काटा बारीक वजन दाखवत नसेल तर एकसारखे दहा तुकडे एकत्र तोला आणि दहाने भागा. काटा बरोबर आहे का हे बघायचं असेल तर झेरॉक्सचा ७५ जीएसएमचा एक कागद ठेवा. ४.७ ग्रॅमच्या आसपास आकडा आला पाहिजे.

यात आणखी एक सोय आहे. आपल्या स्पर्धेत बहुतेक जण करतात तसं मॉडेल धरा: पंख ४५ सेंटिमीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद, शेपटी ३० बाय ५. एकूण क्षेत्रफळ ६०० चौरस सेंटिमीटर. ए-फोर कागद भरतो ६२४ चौरस सेंटिमीटर. म्हणजे अख्ख्या विमानाचं कव्हरिंग एका ए-फोरमध्ये बसतं! इनडोअर मॉडेलला एकाच बाजूने कव्हरिंग करतात, वरून. खालून सांगाडा उघडाच असतो. त्यामुळे काट्यावर ए-फोर तुकड्याचा जो आकडा दिसेल तोच जवळपास तुमच्या विमानाच्या कातडीचा आकडा.

प्लॅस्टिकच्या बाबतीत तर तोलायच्या आधीही अंदाज बांधता येतो. जाडी मायक्रॉनमध्ये घ्या, घनतेने गुणा, जीएसएम तयार. एक मायक्रॉन जाडीचं पाणी एक चौरस मीटरवर पसरलं तर एक ग्रॅम भरेल, तोच हिशोब. मंडईतली ती सळसळणारी पातळ पिशवी आठ मायक्रॉनची असेल आणि पॉलिथीनची घनता ०.९५, तर ७.६ जीएसएम. पॉलिएस्टर जड, घनता १.३८ च्या आसपास, पण ते दोन मायक्रॉन इतकं पातळ मिळतं, म्हणून २.८ जीएसएम. गिफ्टवर गुंडाळतात ती चकचकीत बीओपीपी फिल्म २० मायक्रॉनची धरली तर १८ जीएसएम. आरपार दिसतं म्हणून ते हलकं असेल असं पुष्कळांना वाटतं. काट्याला आरपार दिसण्याशी काही देणंघेणं नसतं.

आता एकेक माल आपल्या ६०० चौरस सेंटिमीटरच्या विमानावर चढवून बघू. सांगाडा, पंखा आणि रबर मिळून साडेतीन ग्रॅम धरू. हीट श्रिंक फिल्म साधारण ६० जीएसएमची, म्हणजे ३.७५ ग्रॅम. लक्षात आलं का? कातडीच हाडामांसापेक्षा जड! एकूण विमान सव्वासात ग्रॅमचं. वर्तमानपत्राचा कागद ४५ जीएसएम, २.८ ग्रॅम, एकूण ६.३. पतंगाचा घोटीव कागद आम्ही तोलला तो २० च्या आसपास निघाला, म्हणजे सव्वा ग्रॅम, एकूण ४.७५. बाहेरून येणारा जपानी टिश्यू १२ धरला तर पाऊण ग्रॅम, एकूण ४.२५. पातळ पिशवी अर्ध्या ग्रॅमपेक्षा थोडी कमी, एकूण चारच्या जवळ. दोन मायक्रॉनची पॉलिएस्टर फिल्म ०.१७ ग्रॅम, एकूण ३.६७.

वजन वाढलं तर काय बिघडतं? इथे थोडं फ्लुइड मेकॅनिक्स. विमान सरळ पातळीत उडत ठेवायला लागणारी पॉवर ही वजन रेज टू १.५ च्या प्रमाणात वाढते, पंखाचं क्षेत्रफळ तेच असेल तर. म्हणजे वजन दुप्पट तर पॉवर पावणेतीन पटीच्या वर. रबरात भरलेली ऊर्जा तेवढीच आहे. त्यामुळे पॉवर जितकी जास्त तितकं विमान लवकर खाली. पातळ पिशवीचं विमान एक मिनिट उडतं असं मानलं तर त्याच रबरावर बाकीच्यांचा हिशोब असा येतो: जपानी टिश्यू ५४ सेकंद, घोटीव कागद ४६, वर्तमानपत्र ३०, आणि हीट श्रिंक फिल्म २४! दोन मायक्रॉनची फिल्म ६८. हे कागदावरचे आकडे आहेत. हॉलमध्ये खिडकीची झुळूक, पंखाचा बाक, पीळ किती दिला, याने ते पुढेमागे होतात. पण क्रम बदलत नाही. आपण ज्या मालासाठी सगळ्यात जास्त पैसे मोजायला लावतो तो या रांगेत शेवटचा आहे, रद्दीच्याही मागे.

त्यात आपल्या गावचं हवामान. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहे, आणि मार्चमध्ये इव्हेंट असतो तेव्हा हॉलमध्ये पारा ३५ च्या घरात. या दोन्हींमुळे हवा विरळ होते. समुद्रकाठच्या १५ अंशांच्या पुस्तकी हवेपेक्षा घनता सुमारे अकरा टक्के कमी येते. विरळ हवेत तेवढंच वजन तोलायला विमानाला जास्त वेगाने पळावं लागतं आणि पॉवर आणखी पाच-सहा टक्के जाते. म्हणजे वजनाच्या बाबतीत आपल्याला इतरांपेक्षा जास्त काटकसर करावी लागणार. पाण्याच्या बाबतीत ती सवय आहेच!

आता दुसऱ्या बाजूचंही ऐकलं पाहिजे. आमचे सीनियर म्हणतात की फिल्म दिसायला सुंदर, सुरकुती नाही, टिकाऊ, कागद फाटतो. अगदी खरं. मैदानावर उडणारं रेडिओ कंट्रोलचं विमान असेल, वजन किलोत असेल, इंजिनाचं तेल उडणार असेल, वारा आणि ऊन असेल, तर हीट श्रिंक फिल्मसारखा माल नाही. तिथे ६० जीएसएम कोणाला कळतही नाही. पण हीच फिल्म इनडोअर मॉडेलच्या दीड-दोन मिलिमीटरच्या काड्यांवर ताणून इस्त्री फिरवली की ती आकसते आणि सांगाड्यालाच पीळ बसतो. पंख केळीच्या पानासारखा वळतो. दणकटपणा तिथे दोष ठरतो. ट्रकचे टायर सायकलला लावून कोणी ‘टिकाऊ आहेत’ म्हणत नाही.

आणि इनडोअर विमान आपटतं तरी किती जोरात? वेग सेकंदाला दीड मीटरच्या आत. भिंतीला लागलं तर पाखरासारखं घसरत खाली येतं. कागद फाटतो तो बहुतेक वेळा आपल्याच बोटांनी, उचलताना.

थोडा इतिहास बघितला तर गंमत कळते. विमानाचं कव्हरिंग म्हणून जे जे गाजलं ते बहुतेक दुसऱ्याच कुठल्या तरी दुकानातून उचललेलं आहे. राइट बंधूंचं १९०३ चं विमान सुती मलमलीचं होतं, कापडाच्या दुकानात मिळणारी. पुढे इनडोअर मॉडेलवाल्यांनी कंडेन्सरमध्ये घालायचा पातळ कागद पळवला. १९७९ च्या जूनमध्ये ब्रायन ॲलन नावाच्या सायकलपटूने पेडल मारत इंग्लिश खाडी ओलांडली. त्या ‘गॉसमर अल्बट्रॉस’ विमानाचं रिकामं वजन फक्त ३२ किलो, आणि अंगावर मायलार, म्हणजे पॉलिएस्टरची पारदर्शक फिल्म. यातल्या कोणी ‘विमानाचं कव्हरिंग’ असं लेबल लावलेला डबा शोधला नाही. त्यांना किती हलकं, किती घट्ट विणीचं, किती ताण घेणारं हवंय ते माहीत होतं. मग बाजारात फिरले. आपल्याकडे मात्र उलटं चालतं. आधी लेबल, मग किंमत, आणि वजन विचारायचं राहूनच जातं.

जागतिक पातळीवर जे हे खेळतात त्यांची गोष्ट अर्थातच वेगळी. एफ-वन-डी नावाचा वर्ग आहे. पंख ५५ सेंटिमीटरपर्यंत, विमानाचं किमान वजन १.४ ग्रॅम, रबर ०.४ ग्रॅमपर्यंत. एवढ्यावर ती मंडळी वीस-वीस मिनिटं विमान हवेत ठेवतात. त्यांची फिल्म अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असते. पूर्वी ते स्वतःच मायक्रोफिल्म बनवत. पाण्याच्या ट्रेमध्ये नायट्रोसेल्युलोज लॅकरचे थेंब सोडायचे, ते पाण्यावर पसरून वाळले की तारेच्या चौकटीने अलगद उचलायचं. साबणाच्या फुग्यासारखे रंग त्यावर दिसत आणि रंगावरून जाडी ओळखत. फर्स्ट इयरच्या फिजिक्समध्ये ‘थिन फिल्म इंटरफिअरन्स’ पाठ करून लिहितो ना, तेच हे, हातात धरता येणारं! फक्त कृपा करून हॉस्टेलच्या खोलीत करू नका. ते लॅकर भयंकर पेट घेतं, आणि रेक्टर सरांना इंटरफिअरन्स समजावून सांगायची वेळ कोणावर येऊ नये.

एक प्रश्न हमखास येतो: मग सीलिंग फॅनच्या कपॅसिटरमधली फिल्म का नको? असते ना आत पातळ फिल्म? असते, पॉलिप्रॉपिलीनची, वर धातूचा मुलामा. पण तिची पट्टी चार-दोन बोटं रुंद. आपला पंख दहा सेंटिमीटर रुंद. जोड देत बसलात तर वाचवलेलं वजन गोंदात जातं. शिवाय कपॅसिटर फोडायचा तर त्यातला चार्ज आधी उतरवला पाहिजे. खोलीतला फॅन बंद पाडून विमान उडवण्याचा हा मार्ग एप्रिलमध्ये तरी परवडणारा नाही.

राहिली मंडईतली पातळ पिशवी. खरं सांगायचं तर वजनात तिच्यासारखा स्वस्त माल नाही, आणि जगभर नवशिके तीच वापरत आले. पण महाराष्ट्रात २३ जून २०१८ पासून प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदीची अंमलबजावणी सुरू झाली, आणि देशभरात २०२२ च्या डिसेंबरअखेरपासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवीला परवानगी नाही. कायद्यात बसणारी १२० मायक्रॉनची पिशवी आपल्या विमानावर चढवली तर कव्हरिंगच सात ग्रॅमच्या वर भरेल. म्हणजे सांगाड्याच्या दुप्पट! विमान कसलं, वजनमाप होईल ते. आता कोणी म्हणेल, पिशव्या अजून दिसतात की बाजारात. दिसतात. पण आपल्या कॉलेजात एनएसएसची मुलं शनिवारी ज्या पिशव्या गोळा करतात त्याच पिशव्या सोमवारी आपल्याच स्पर्धेत बक्षीस घेणार, हे मला पटत नाही. घरात जुनी पडलेली कोणी वापरली तर मी भांडायला जाणार नाही. पण स्पर्धेच्या नियमाने तिकडे ढकलू नये.

म्हणून माझं मत पतंगाच्या घोटीव कागदाच्या बाजूने आहे. एक मोठा ताव घेतला की पाच-सहा विमानं होतात, पैसे चहाच्या हिशोबातले. स्टेशनरीच्या दुकानात, पताका आणि मखराचं सामान मिळतं तिथे मिळतो. तो ४६ सेकंदांचा माल आहे आणि पातळ पिशवी ६० ची, हे मी वरच लिहिलं. पण पुढचा आकडा बघा. सांगाड्यातून अर्धा ग्रॅम काढला, तर घोटीव कागदाचं विमान ४.२५ ग्रॅमवर येतं आणि ५४ सेकंदांना पोचतं. म्हणजे जपानी टिश्यू न आणता जपानी टिश्यूचं विमान! आणि अर्धा ग्रॅम कुठून काढायचा? काड्या घासून, जाड रिब पातळ करून, आणि मुख्य म्हणजे गोंद कमी करून. पहिल्या वर्षाच्या मॉडेलवर प्रत्येक जोडाला फेव्हिकॉलचा जो लाडू असतो, त्याचं वजन कधी कोणी केलंय का? यात पैसा लागत नाही, पॉलिश पेपर आणि संध्याकाळ लागते. शिकायचं म्हणून जे काही आहे ते इथेच आहे. फिल्म विकत घेऊन ते शिकता येत नाही.

कागद वापरणार असाल तर काही गोष्टी हाताशी असू द्या. कागदाला वीण असते. एक कोपरा दोन्ही दिशांना फाडून बघा. ज्या दिशेने सरळ फाटतो ती विणीची दिशा. ती पंखाच्या लांबीच्या दिशेने ठेवा. ओला होऊन वाळताना कागद विणीला आडवा जास्त आकसतो, म्हणून उलटा लावलात तर रिबा आत ओढल्या जातात. लावायच्या आधी कागद एका चौकटीवर ताणून पाण्याचा अगदी बारीक फवारा द्या आणि वाळू द्या, म्हणजे आकसायचं ते आधीच आकसून घेईल. रंगीत कागदाचा रंग सुटतो का ते आधी तुकड्यावर बघा, नाहीतर विमानासकट हातांची रंगपंचमी. फेव्हिकॉल पाण्याने पातळ करून फक्त बाहेरच्या कडांना आणि बोटाने पुसून लावा. आतल्या रिबांना चिकटवायची गरज नसते. कागद ढोलकीसारखा ताणू नका, किंचित सैल असलेला बरा. सैल कागदाने सेकंदभर कमी होईल, ताणलेल्याने पंखच वाकडा होईल.

आपली उन्हाळ्याची कोरडी हवा कागद आणखी ताणते आणि पावसाळ्यात तोच कागद ढिला पडतो. त्यामुळे जुलैत केलेलं मॉडेल मार्चमध्ये उडवायच्या आधी पंखाचा पीळ बघून घ्या. फिल्मला हा त्रास नाही, हे कबूल. पण कोरड्या हवेत फिल्मवर स्टॅटिक चढतं आणि ती बोटांना, टेबलाला, स्वतःला, सगळीकडे चिकटते, फक्त पंखाला सोडून! शिवाय पॉलिथीनला फेव्हिकॉल धरत नाही, स्प्रेचा गोंद आणावा लागतो. कापायला ब्लेड चालत नाही, ओढलं जातं. पेटती उदबत्ती कडेने फिरवली तर व्यवस्थित कापली जाते, पण ते नंतरचं. पहिल्या विमानाला एवढ्या परीक्षा नकोत.

आता स्पर्धेच्या आयोजकांना आणि आमच्या सरांना विनंतीवजा सूचना. पहिल्या वर्षासाठी वेगळा गट ठेवा आणि त्यात कव्हरिंग फक्त कागदाचं, गावातल्या दुकानात मिळणारं. मग वसंत विहारच्या मुलाचं आणि मोहोळ-माढ्याहून एसटीने येणाऱ्या मुलीचं विमान एकाच मालाचं असेल, आणि जो जिंकेल तो हाताने जिंकेल. सीनियरांना फिल्मचा खुला गट जरूर द्या. क्लबने एकच पातळ रोल घ्यावा आणि सगळ्यांना वाटावा. अर्ध्या चौरस मीटरमध्ये आठ विमानं होतात, मग प्रत्येकाला रोल कशाला? दुसरं, उड्डाणाच्या टेबलावर काटा ठेवा. प्रत्येक विमानाचं वजन फळ्यावर नावासमोर लिहा, वेळेच्या शेजारी. दोन तासांत सगळ्यांना कळेल की कोण का उतरलं. तिसरं, केमिस्ट्री लॅबचा काटा आठवड्यातून एक दुपार आम्हाला वापरू द्या. जर्नल पूर्ण असल्याशिवाय येणार नाही, शब्द देतो. आणि चौथं, फ्लाइट चालू असताना हॉलचे पंखे बंद. घाम येईल, पण सोलापूरच्या माणसाने घामाची तक्रार करायची नसते.

‘एवढ्याशा विमानासाठी एवढा खटाटोप?’ असं आमच्या रूममेटचं म्हणणं आहे. त्याला माझं उत्तर असं. आपण पुढे नोकरीला लागू तेव्हा समोर कॅटलॉग येतील. पंपांचे, बेअरिंगचे, केबलचे, सॉफ्टवेअरचे. त्यात प्रत्येक पानावर ‘उत्तम’ असंच लिहिलेलं असेल. तेव्हा ‘कशासाठी उत्तम, आणि किती?’ हे विचारायची सवय लागली असेल तर बरं. ती सवय पन्नास हजारांच्या पंपावर लावून घेण्यापेक्षा पाच रुपयांच्या कागदावर लावून घेतलेली स्वस्त पडते.

पुढच्या इव्हेंटची यादी जानेवारीत गड्ड्याच्या सुमारास लागते. त्याआधी ती एक ओळ बदलावी एवढीच मागणी आहे. ज्यांना आकडे तपासून बघायचे असतील त्यांनी ए-फोर आकाराचा कुठलाही माल घेऊन यावं. काट्याची सोय मी करतो, चहा तुमच्याकडे.